पाद्री इनासची सनद

१

नळीतून कागद निघाला, पण तो कोरा होता.

यज्ञेश्वरपंतांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. जाड, खरखरीत, करड्या रंगाचा कागद. त्यावर एक अक्षर नव्हतं. पंत कोतवाल चावडीवरचे कारकून. एकोणतीस वर्षं लोकांचं खरंखोटं त्यांनी कागदावर उतरवून घेतलं होतं, आणि खोटं लिहिलेले कागद तर पोतंभर पाहिले होते. काहीच न लिहिलेला कागद दोन कुलपांच्या आत जपून ठेवलेला मात्र ते पहिल्यांदाच पाहत होते.

फाल्गुनातली दुपार तापली होती. नागझरीच्या पलीकडे पेशव्यांच्या तोफखान्यातल्या किरिस्तांव गोलंदाजांची वस्ती होती, आणि वस्तीच्या टोकाला त्यांचं मातीच्या भिंतींचं चर्च. जागा सरकारनं तिथल्या पाद्रीच्या नावे दिलेली. आता गोव्याच्या आर्चबिशपांकडून पाद्री कायतान नावाचा दुसरा पाद्री तपासणीला आला होता आणि त्यानं जुन्या पाद्रीची सनद पाहायला मागितली होती. पेटी उघडताना सरकारचा माणूस साक्षीला हवा म्हणून पंतांना पेठेतून उन्हातान्हाचं चालत यावं लागलं. गुडघे ठणकत होते. कामातून मोकळीक मिळावी असे दोन अर्ज त्यांनी केले होते. दोन्ही अर्ज त्यांच्याच दप्तरात पडून होते.

पेटीला दोन कुलुपं. एकाची किल्ली जुन्या पाद्रीच्या, पाद्री इनासच्या, गळ्यात. दुसऱ्याची वस्तीचा मुखत्यार जमादार बस्त्यांव याच्या कमरेला. दोन्ही कुलुपं पंतांच्या देखत उघडली गेली. दोन्ही शाबूत होती. आत एक जस्ताची नळी, आणि नळीत हा कागद.

पंतांनी सवयीनं आधी कागदाकडे पाहणं थांबवून माणसांकडे पाहिलं. कायतान तरुण होता, तो कानापर्यंत लाल झाला. जमादार मोठ्यानं "अरे देवा!" म्हणाला. आणि म्हातारा पाद्री इनास मागच्या बाकावर खाली बसला आणि त्यानं लांब श्वास सोडला. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवल्यावर हमाल सोडतो तसा.

"हा काय प्रकार आहे?" कायताननं विचारलं.

जमादारानं म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"पंत, लिहून घ्या," कायतान म्हणाला. "या वस्तीत बावीस वर्षांत जे जे झालं, ते सगळं त्या सनदेवर उभं होतं. ती नसेल तर हा माणूस पाद्री नाही. आणि हा पाद्री नसेल, तर इथं आजवर काहीच झालेलं नाही."

२

"हे शेवटचं जरा समजावून सांगा," पंत म्हणाले. चर्चच्या पडवीत सावली होती. त्यांनी पाय पसरले. "एक कागद हरवला म्हणून बावीस वर्षं कशी जातील?"

"कागद ही नुसती खूण आहे. खरा तो हात." कायतान गोव्यातल्या सासष्टीचा, मराठी शिकून आला होता आणि एकेक शब्द पारखून बोलायचा. "येशूनं आपल्या पट्टशिष्याला, पेद्रूला, अधिकार दिला. पेद्रूनं आणि त्याच्या सोबत्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवले. रोममध्ये पेद्रूनंतर लीनस, मग क्लेतस, मग क्लेमेंत. असा हातामागून हात येत येत आमच्या आर्चबिशपांपर्यंत आला. बिशपांनी ज्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोच पाद्री."

"पेद्रूकडे सनद होती?"

"नाही. तोंडी सांगितलं होतं."

"साक्षीदार?"

"बाकीचे शिष्य."

"म्हणजे एकाच पंगतीतले. चावडीवर असली साक्ष आम्ही जरा जपूनच घेतो."

कायतानला आधी राग आला, मग नकळत हसू आलं. "सुरुवातीला नावांची यादी कोणी ठेवलीच नव्हती, पंत. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते जिवंत होते, तोवर यादी कशाला हवी? ते गेले. मग गावोगाव नवे गुरू उभे राहिले. म्हणायला लागले, येशूनं आम्हाला गुपचूप वेगळंच सांगितलंय. तेव्हा लोक विचारू लागले, तुला कोणी शिकवलं? त्याला कोणी? त्याच्याही आधी कोण? मग याद्या झाल्या."

"भांडण आधी, कागद नंतर."

"कागद नंतर. हात आधीपासून होते."

पंतांनी मान हलवली. वतनांच्या तंट्यांत त्यांनी हेच पाहिलं होतं. जोवर कोणी विचारत नाही तोवर कोणाकडेच कागद नसतो.

"आणि मधला एखादाच हात खोटा निघाला तर?"

"त्याच्यापुढचं सगळं गेलं. म्हणूनच मी अठरा दिवस घाट चढत आलो."

"पण तुमच्या गोव्यात वही असेल ना? कोणाच्या डोक्यावर कधी हात ठेवला त्याची?"

"आहे. मी नक्कलही आणली आहे. इनास, राहणार दिवाडी, याला पाद्री केल्याची नोंद पक्की आहे. पण वहीतला इनास तो हाच, हे कोण सांगणार? पोर्तुगेज मुलखाबाहेर जाणाऱ्याच्या सनदेत त्याचं वर्णन लिहिलेलं असतं. तेवढ्यासाठी ती हवी होती."

पंत थोडा वेळ नागझरीकडे पाहत राहिले. पाणी आटून गेलं होतं. कागद नाहीसा झाल्यानं भलं कोणाचं? पाद्री खोटा असेल तर पाद्रीचं. पाद्री खरा असेल तर त्याच्या वैऱ्याचं.

"बावीस वर्षं कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "आताच का?"

"अर्ज आला. नाताळनंतर लगेच. पाद्री खोटा आहे, येऊन तपासा, म्हणून."

"कोणाचा?"

"पेटीची दुसरी किल्ली ज्याच्याकडे असते त्याचा," कायतान म्हणाला.

३

जमादार बस्त्यांव उंचापुरा माणूस. मिशा तेल लावून पिळलेल्या. बोलताना छाती पुढे यायची.

"वस्तीच्या भल्यासाठी अर्ज केला, पंत. म्हातारा मिस्सेत, ऐन पूजेत, शब्द विसरतो. पुटपुटतो. मला शंका आली."

"पेटी शेवटची कधी उघडली?"

"नाताळच्या दिवशी. दर साली उघडतो. पाद्रीनं कागद उंच धरून सगळ्यांना दाखवला. काळी अक्षरं, खाली लाल लाखेची मोहर. बायाबापड्यांनी मोहरेचा मुका घेतला. मग कागद गुंडाळून नळीत, नळी पेटीत. त्यांनी त्यांचं कुलूप लावलं, मी माझं."

"त्यानंतर?"

"आज. माझी किल्ली कमरेची सुटलेली नाही."

"नळीत कागद कोणी घातला?"

"पाद्रीनंच. मी हातसुद्धा लावला नाही. बोटसुद्धा नाही."

पंतांनी हे लिहून घेतलं. विचारल्यापेक्षा जास्त उत्तर आलं की ते त्याच्यापुढे एक बारीक टिंब देत. तसं दिलं.

मग ते पाद्री इनासकडे गेले. म्हातारा मागच्या अंगणात तुळशीबागेतल्या माळ्यासारखा उकिडवा बसून झेंडूच्या रोपांना पाणी घालत होता. सत्तरीला आलेला, पाठीत वाकलेला. उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं गेलेली, त्यामुळे तांब्या त्यानं तळहातावर पेलला होता.

"पाद्रीबाबा, नाताळला कागद नळीत कोणी घातला?"

"आठवत नाही, पंत."

"चार महिनेही झाले नाहीत."

"वय झालं."

"तुमचा कोणावर संशय?"

"कोणावर नाही." म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला. "गेला तो गेला. शोधू नका."

"आळ तुमच्यावर येईल. ही जागा जाईल. तुम्हाला गोव्याला नेऊन जाब विचारतील."

"विचारू दे."

पंतांच्या उभ्या नोकरीत ज्याच्या घरी चोरी झाली तो माणूस चोर शोधू नका म्हणाला, असं दोनदाच घडलं होतं. दोन्ही वेळा चोर घरचाच निघाला होता.

४

चर्च झाडणारी बाई जमादाराची बायको होती. तिचं नाव मैना. फुरसुंगीकडच्या माळ्याची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी घरदार सोडून तिनं बस्त्यांवचा हात धरला आणि पाद्री इनासनं याच चर्चमध्ये पाणी घालून, नाव देऊन, तिचं लग्न लावलं. माहेरानं त्या दिवशी तिच्या नावानं आंघोळ केली होती.

"कागद नळीत कोण घालतं?" पंतांनी विचारलं.

"आमचं मालक," ती म्हणाली. "दर सालाला त्येच."

"पाद्रीबाबा नाही?"

"त्यास्नी कसं जमंल? बोट न्हाई. गुंडाळी सुटती. येकदा परयत्न केला तवा कागद उलगडून खाली पडला, समदी हसली. तवापास्नं मालकच गुंडाळत्यात."

जमादारानं बोटसुद्धा लावलं नव्हतं, असं पंतांच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यांनी काही दाखवलं नाही. कोरा कागद पुढे केला. "असला कागद कुठं पाहिलाय?"

"दारूचं पुडकं बांधत्यात न्हवं का हेच्यात? तोफखान्यातला हाय. आमच्या घरात ढीग पडलाय. समद्यांच्याच घरात आसंल."

ती केरसुणी घेऊन उठली, तेव्हा तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात काहीतरी लाल लोंबलं. पंतांनी तिला थांबवलं. ती संकोचली.

"देवाचं आसंल म्हनून बांधलंय. नाताळाच्या दुसऱ्या दिशी मालकांचा शेला धुवाया घेतला, त्यात घावलं. त्यास्नी न्हाई सांगितलं. न्हाईतर घेतलं आसतं."

लाखेचा तुकडा होता. अर्धा मोडलेला. त्यावर एका किल्लीचा ठसा होता आणि किल्लीवर अर्धी झालर.

"मैनाबाई, तुमच्या मालकांचं गोव्याला काही चाललंय का?"

बराच वेळ ती केरसुणीच्या मुठीला सुतळी आवळत राहिली.

"दिरानं तिकडं पोरगी बघितलीया. त्येंच्या जातीतली, घरंदाज. मालक म्हनत्यात, पाद्रीच खोटा निघाला म्हंजे आपलं लगीन झालंच न्हाई. मग तू तुझ्या वाटंनं जा." तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "मला वाट कुठं हाय वो, पंत? नऊ वरसं मी ह्येंची बायकू म्हनून जगले. उद्या कुनी म्हनलं, ती नुसती ठिवल्याली हुती, तर मी काय म्हनू?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांनी सगळ्यांना पडवीत बसवलं. त्यांना लांबण लावायचा कंटाळा होता.

"कुलुपं मोडलेली नाहीत. दोन किल्ल्या दोन माणसांकडे, आणि ही माणसं एकमेकांना साथ देतील अशी नव्हेत. म्हणजे पेटी बंद झाल्यावर कागद गेला नाही. पेटी उघडी होती तेव्हाच गेला. मोहरेचा मुका घेईपर्यंत तो खरा होता, हे सगळ्या वस्तीनं पाहिलंय. मुका आणि कुलूप यांच्यामध्ये कागद एकाच हातातून गेला. गुंडाळणाऱ्याच्या. पाद्रीबाबांना गुंडाळता येत नाही, हे लहान पोरंही जाणतात. जमादार, शेल्याच्या आत कोरी गुंडाळी तयारच होती. रिकामी नळी हातात हलकी लागली असती, म्हणून ती आत घातलीत. खरा कागद शेल्यात दडपलात, तिथं मोहर मोडली."

त्यांनी लाखेचा तुकडा कायतानच्या हातात दिला. कायताननं तो निरखून पाहिला.

"आताच्या आर्चबिशपांची नाही ही. त्यांच्याआधी दोन होऊन गेले, त्यांतल्या पहिल्यांची आहे. बावीस वर्षांपूर्वीची." त्यानं जमादाराकडे पाहिलं. "सनद कुठं आहे?"

जमादार आधी हसला, मग ओरडला. वस्तीतली माणसं कुंपणापाशी गोळा झाली होती. त्यांच्या तोंडांकडे बघून त्याच्यातली हवा गेली.

"उडवली," तो म्हणाला. "पौषात सरकारस्वारी परतली, सलामीच्या तोफा झाल्या. तोफेच्या बोळ्यात घालून ठासली आणि उडवली."

कुंपणापलीकडून एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. मोहरेचा मुका घेणाऱ्यांतली असावी.

"आणि फुकट उडवलीस," कायतान थंडपणे म्हणाला. "तुला वाटलं, पाद्री खोटा ठरला की लग्न मोडलं. काल मी रागानं काहीच झालेलं नाही म्हणालो खरा, पण लग्न पाद्री लावत नाही, जमादार. नवरा-बायको एकमेकांना देतात, पाद्री साक्षीला असतो. सगळी वस्ती ज्याला पाद्री मानत होती, त्याची साक्ष चर्च मानतं. बाप्तिस्मा तर अडल्यावेळी कोणीही द्यावा. पाद्रीशिवाय होत नाही ती मिस्सा, आणि मरणाऱ्याला पापांची क्षमा. ते दोन मात्र खऱ्या हाताशिवाय नाहीत."

मैना भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच खाली बसली.

पंतांनी दौत बंद केली. प्रकरण संपलं होतं. घरी जाऊन पाय शेकावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. कायतान त्यांच्याबरोबर नागझरीपर्यंत चालत आला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "सनद असती तर एका नजरेत निकाल लागला असता. वर्णनात हातांचं नेहमी लिहितात. पाद्री करताना बिशप दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या तेलानं माखतात, कारण प्रसादाची भाकर त्याच बोटांनी धरायची असते. ज्याला ती बोटं नाहीत त्याला पाद्री करतच नाहीत. इनासबाबांचं बोट दारूच्या भडक्यात नंतर इथंच गेलं म्हणे. मी विचारलं त्यांना."

तो नमस्कार करून परत फिरला. पंत तिथंच उभे राहिले. म्हाताऱ्यानं सोडलेला तो लांब श्वास त्यांना आठवला, आणि घरी जायचं राहून गेलं.

६

बावीस वर्षांपूर्वी पाद्रीला सगळ्यांत आधी पाहिलं ते तुळजाबाईनं, असं वस्तीत कळलं; ती शेजारच्या फुलांच्या मळ्यात राहायची. ऐंशीची होती आणि कानानं अधू होती. पंतांना दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"पाद्री का? व्हय, म्याच काढला त्येला मरनातनं. वाटंवर पडला हुता, तापानं फणफणल्याला. काळा झगा पांघरल्याला आन् ती नळी छातीशी धरल्याली. धा दिस पेज पाजली."

"बोट कधी गेलं त्याचं?"

"काय?"

"बोट! बोट!"

"ते? ते आला तवाच न्हवतं. म्या पुसलं, तर म्हनला, ल्हानपनी नारळ फोडताना कोयत्यानं गेलं." ती बोळक्या तोंडानं हसली. "मंग पुढं, त्या वक्ताची मानसं सरल्यावर, समद्यांस्नी दारूचा भडका सांगाया लागला. मी म्हनलं, आसंल बाबा. मला काय करायचंय."

पंतांनी तिचे आभार मानले. चपलेत खडा गेला होता, तो काढायला ते बांधावर बसले आणि खडा निघाल्यावरही बराच वेळ बसून राहिले.

७

पाद्री इनास चर्चमध्ये एकटाच होता. पंत त्याच्या शेजारी बाकावर बसले. दौत-लेखणी त्यांनी दाराबाहेर ठेवली होती आणि ते म्हाताऱ्यानं पाहिलं.

"नारळ फोडताना," पंत म्हणाले.

 म्हाताऱ्यानं ते थोटं बोट दुसऱ्या हातात धरलं, थंडी वाजल्यासारखं.

"माझं नाव मिंगेल," तो म्हणाला. "मी पाद्री इनासचा स्वयंपाकी होतो. कराडच्या अलीकडे ते तापानं पडले. धर्मशाळेत कोणी आत घेईना. झाडाखाली तीन दिवस. मरताना म्हणाले, तू पुढं जा, तिथं माणसं वाट बघताहेत. नळी दिली. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला."

"म्हणजे..."

"नाही, पंत. त्यांचा हात पाद्रीचा होता, बिशपचा नव्हता. तो आशीर्वाद झाला, अधिकार नाही. मी अडाणी, पण एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं. मी निरोपच सांगायला आलो होतो. पण मलाच ताप भरला. थंडी वाजत होती म्हणून त्यांचा झगा पांघरला. डोळे उघडले तर सगळी वस्ती गुडघ्यावर. आणि एक गोलंदाज मरायला टेकलेला. पोट फाटलेलं. पाद्री, पाद्री म्हणून ओरडत होता. त्याला मी काय सांगणार? मी स्वयंपाकी आहे?"

"गेलात."

"गेलो. हात धरला. त्यांना बोलताना ऐकलं होतं ते शब्द पुटपुटलो. तो निवांत मेला. म्हटलं, हा एकच. उद्या गोव्याला कळवू. उद्या दुसरा आजारी पडला." त्याच्या आवाजात रडू नव्हतं. नुसता थकवा होता, पंतांच्या ओळखीचा. "बावीस वर्षं, पंत. दर नाताळला मी तो कागद उंच धरायचो. त्यात लिहिलेलं कोणालाच वाचता येत नव्हतं. मलाही नाही."

बाहेर कोणीतरी गुरं हाकत गेलं. 

पंतांनी मनात हिशोब मांडला. हे लिहिलं, तर जमादार खरा ठरून हसेल. मैनेचं लग्न कायद्यानं टिकेल, पण वस्तीच्या तोंडी टिकायचं नाही. ज्यांचे आईबाप याच्या हाती डोकं ठेवून गेले, त्यांची झोप जाईल. नाही लिहिलं, तर हा माणूस उद्या पुन्हा मिस्सेला उभा राहील.

"मी तुमच्या धर्माचा नाही," ते म्हणाले. "मला सांगितलेलं मला लिहावं लागतं. आज मी काही ऐकलेलं नाही, कारण माझी दौत बाहेर आहे. पण तुमच्यात म्हणे कानात सांगायची रीत आहे. आणि तिथं ऐकलेलं पाद्री जीव गेला तरी बाहेर बोलत नाही."

"कुमसार."

"तेच. तुम्ही बावीस वर्षांत केलंत कधी?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "कोणाकडे करणार? इथं मीच होतो."

"आता दुसरा आलाय. खरा."

मिंगेल उठला. उभं राहताना त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला. दारापर्यंत गेला आणि थांबला. "तो मला क्षमा देईल?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी कोतवालीतला कारकून."

पलीकडच्या खोलीत ते दोघं दिवेलागणीपर्यंत होते. कायतान बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा एका दुपारीत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. पंतांनी त्याला काही विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही.

"मला इथंच राहू द्या, असं गोव्याला कळवतोय," तो एवढंच म्हणाला. "बाबांचे हात थरथरतात. यापुढे मिस्सा मी करीन."

८

पंतांनी अहवाल लिहिला. सनद जमादार बस्त्यांवनं लबाडीनं गहाळ केली, त्यास जमादारीवरून काढून दूरच्या किल्ल्यावर पाठवावं. गोव्याच्या वहीत नाव आहे, वहिवाट बावीस वर्षांची आहे, सबब जागा कायम. मैनाबाई बस्त्यांवची लग्नाची बायको असल्याचा दाखला वेगळा. सरकारी कागदात नेहमी 'वंशपरंपरेनं' लिहायचे, तिथं पंतांनी 'हस्तपरंपरेनं' लिहिलं. कोतवालसाहेबांनी ते वाचून भुवया चढवल्या.

"हे काय नवीन, यज्ञेश्वरपंत?"

"त्यांना मुलं नसतात, साहेब. एकाचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर, असं चालतं."

"आणि टिकतं?"

"सतराशे वर्षं टिकलंय म्हणतात. मी तपासलेलं नाही."

दाखला त्यांनी स्वतः मैनेला वाचून दाखवला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"म्हंजे मी बायकू."

"होय. आणि जमादार विनवतोय. किल्ल्यावर बरोबर येशील का, म्हणून."

"बायकूच हाय न्हवं मी? मग बायकू म्हनून सांगते. त्यो घरात नगं."

जागेचा हुकूम शिक्क्यासह यायला चैत्र उलटला. पंत तो घेऊन सकाळी चर्चमध्ये गेले तेव्हा मिस्सा चालू होती. ते मागं उभे राहिले. तुळजाबाईच्या मळ्यातली फुलं पुढे ठेवलेली होती. मैना त्यांच्या शेजारी सरकली आणि हळूच म्हणाली, नवे पाद्री रोज एका मेलेल्या माणसासाठी मिस्सा करत्यात. बावीस सालांत जेवढी गेली तेवढ्यांसाठी. बाबांनी सांगून ल्हिवून घेतल्याल्या वहीत सदतीस नावं हुती. काल सरली.

"मग आज कोणासाठी?"

"ठावं न्हाई. म्हातारं बाबाच रोज नाव सांगत्यात. त्यास्नी समदी तोंडपाठ."

मिंगेल कठड्यापाशी गुडघ्यावर होता. घंटा वाजवायचं काम आता त्याच्याकडे होतं. कायतान वळला आणि नावासाठी थांबला.

"इनास," म्हातारा म्हणाला.

पाठीमागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांना वाटलं, बाबांनी आपलंच नाव सांगितलं. आता थोडेच दिवस उरले म्हणून. मैनाही मुसमुसली.

कायतानचे हात क्षणभर हवेतच थांबले. मग तो वेदीकडे वळला आणि त्या अनोळखी मुलखात, लॅटिन शब्दांच्या मध्ये, त्यानं ते नाव स्वच्छ उच्चारलं. कराडच्या अलीकडे एका झाडाखाली बावीस वर्षं नावाशिवाय पडून राहिलेल्या माणसासाठी.